एक चूल, दोन शिलिंग

सासूबाईंच्या घरात एक जुनं बायबल आहे. बैठकीच्या खोलीत खिडकीखाली लाकडी पेटी आहे, तिच्यात ते लोकरीच्या शालीत गुंडाळून ठेवलेलं असतं. जुना करार संपून नवा सुरू होतो त्या मधल्या जागी काही कोरी पानं आहेत. घरातले जन्म, लग्नं आणि मृत्यू त्या पानांवर लिहायची इथल्या, म्हणजे उत्तर आयर्लंडातल्या, प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या घरांत पद्धत होती. यातली पहिली नोंद १८३४ ची. शाई आता चहाच्या डागासारखी तपकिरी झालीय. आणि त्या नोंदीच्या वर, समासात, दुसऱ्याच कुणाच्या तरी तिरक्या हस्ताक्षरात तीन शब्द आहेत : केम फ्रॉम स्कॉटलंड.

बस. कोण, कधी, कुठल्या गावाहून, कशासाठी, काही नाही.

त्या रात्री मी बाबांना रत्नागिरीला फोन केला आणि सांगितलं, "यांचा मूळ पुरुष स्कॉटलंडहून आला होता म्हणे." बाबांना वंशावळींचं वेड. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत त्यांच्या उशाशी असतो. ते खूश झाले, लगेच "कोणत्या साली?" म्हणून विचारलं. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की सासूबाईंच्या बायबलात 'मूळ पुरुष' असं कुठेच लिहिलेलं नाही. इंग्रजीतलं ते क्रियापद कुणालाही चालतं, एकट्यालाही आणि अख्ख्या कुटुंबालाही. मराठीत मात्र आला, आली की आले हे ठरवल्याशिवाय वाक्य पूर्णच होत नाही. मी 'आला' म्हणून मोकळी झाले होते, आणि ते ठरवताना क्षणभर थांबलेसुद्धा नव्हते.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली.

सासर उत्तर आयर्लंडमध्ये, अँट्रिम काउंटीच्या उत्तरेला, बॅलीमनीच्या पुढे. आम्ही राहतो बेलफास्टला, पण शनिवार-रविवार बऱ्याचदा तिकडेच जातो. तिथून पूर्वेला समुद्राच्या कडेकडेनं गेलं की टॉर हेड नावाचं भूशिर लागतं. तिथे उभं राहिलं की समोर स्कॉटलंडचं किंटायर दिसतं. जेमतेम वीस किलोमीटरवर. हवा स्वच्छ असेल तर पलीकडची पांढरी घरंसुद्धा दिसतात. नकाशात आयर्लंड आणि स्कॉटलंड हे दोन देश असतील, पण टॉर हेडवर उभं राहिलं की ते एकाच खाडीचे दोन काठ वाटतात. मी कोकणातली. खाडीच्या पलीकडच्या गावात मुलगी दिलेली असते, तरीतून बाजाराला जाणं-येणं असतं, हे मला कुणी समजावून सांगावं लागत नाही. सासूबाई अजूनही स्कॉटलंड म्हणत नाहीत, 'पाण्यापलीकडे' म्हणतात.

त्यांच्या बोलण्यात तिकडचे शब्द आहेत. शेताच्या कडेच्या चराला त्या 'शुख' म्हणतात, काखेला 'ऑक्स्टर', आणि हट्टी माणसाला 'थ्रॉन'. माझा एक आवडता शब्द आहे 'थोल', म्हणजे मुकाट्यानं सोसणं. "तुला ते थोलावं लागेल गं," असं त्या मला पहिल्या हिवाळ्यात म्हणाल्या होत्या, पावसाबद्दल. हे शब्द सखल स्कॉटलंडच्या बोलीचे. कागद हाती लागण्याआधीचा पुरावा म्हणाल तर तो हाच होता.

शिवाय घरात एक गोष्ट सांगितली जायची. तीन भाऊ होते, होडीतून आले. एक इथे राहिला, एक अमेरिकेला गेला, एक परत गेला. नवऱ्यानं ती आजोबांकडून ऐकलेली, आजोबांनी त्यांच्या आजोबांकडून. मला ती ऐकताना घरचीच वाटली, कारण आमच्याकडेही मूळ पुरुषाला नेहमी भाऊ असतात आणि ते नेहमी वेगवेगळ्या गावांना जाऊन वस्ती करतात. तीनच का, हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. त्याकडे पुढे येते.

आयर्लंडात पूर्वज शोधायचा तर आजपासून मागे जायचं, आणि पहिला मुक्काम १९०१ आणि १९११ च्या जनगणनेचा. दोन्ही संपूर्ण शाबूत आहेत आणि घरबसल्या फुकट बघता येतात. नुसती नावांची यादी नाही, तर कुटुंबप्रमुखानं स्वतः भरलेला फॉर्म. पणजोबांच्या वडिलांचा फॉर्म आम्ही उघडला. धर्म : प्रेस्बिटेरियन. व्यवसाय : शेतकरी. लिहिता-वाचता येतं. खाली सही. सहीतल्या शेवटच्या अक्षराला खाली एक लांब शेपूट काढलेली, आणि माझा नवरा स्क्रीनकडे बघत गप्प झाला, कारण तो स्वतः सही करताना तशीच शेपूट काढतो. त्याच्या वडिलांनाही ती सवय होती. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं.

१९०१ मध्ये त्या गृहस्थांचं वय ५८ होतं. १९११ मध्ये ७१. दहा वर्षांत तेरा वर्षांनी म्हातारे. मला वाटलं, चुकीचं घर उघडलं. पण त्या जनगणनेत अर्धा आयर्लंड असाच भराभर म्हातारा झालेला दिसतो. १९०८ मध्ये म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा झाला, १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्यांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत मिळू लागले. आणि जन्मतारीख कुणालाच नक्की ठाऊक नव्हती, कारण आयर्लंडात सगळ्यांच्या जन्माची सरकारी नोंद सुरू झाली तीच १८६४ मध्ये. मग वय सिद्ध कसं करायचं? अर्ज डब्लिनला जायचा. तिथला कारकून १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेचे बाड काढून शोधायचा की हा अर्जदार तेव्हा आईबापांच्या घरात किती वर्षांचा मुलगा होता, आणि सापडलं ते अर्जावर लिहून पाठवायचा.

पुढे काय झालं, ते सांगताना माझा आवाज अजून बदलतो. ३० जून १९२२. डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीत यादवी युद्धाची पहिली लढाई चालली होती. ब्रिटनशी झालेला करार न मानणारे सैनिक आत, नव्या आयरिश सरकारच्या तोफा बाहेर. त्याच आवारात सरकारी दफ्तरखाना होता. तिथे स्फोट झाला, आग लागली आणि सातशे वर्षांचं दफ्तर जळालं. १८२१, १८३१, १८४१, १८५१ या चार जनगणना जवळजवळ पूर्ण गेल्या. जळके कागद वाऱ्यावर उडत सगळ्या शहरावर पडत राहिले. १८६१ ते १८९१ च्या जनगणना तर आगीनंही नेल्या नाहीत. त्या सरकारनं स्वतःच आधी नष्ट केल्या होत्या, शेवटच्या दोन पहिल्या महायुद्धात कागदाची टंचाई होती म्हणून लगद्यात घातल्या. पुण्यात पेशवे दफ्तर आहे, त्याच्या एका रुमालाला धक्का लागला तरी जीव कासावीस होणारी माणसं मी पाहिलीत. त्यांना हे सांगताना मला शब्द अपुरे पडतात.

पण ते पेन्शनचे अर्ज दुसऱ्या कपाटात होते. ते वाचले.

आमचा अर्ज सापडला तो दिवस मला आठवतो. १८५१ च्या जनगणनेतलं ते घर, मूळ कागद राख झालेला, पण कुणा म्हाताऱ्याला आठवड्याचे पाच शिलिंग द्यायचे की नाही एवढ्यासाठी एका कारकुनानं उतरवून घेतलेलं : बापाचं नाव, आईचं नाव, गाव, मुलाचं वय. वय आठ. म्हणजे १९११ चं ७१ खरं नव्हतं. अर्ज फेटाळला गेला होता. मला त्या म्हाताऱ्याचं वाईट वाटलं, आणि त्याच वेळी त्याचे आभार मानावेसे वाटले, कारण त्यानं पैसे मागितले म्हणूनच त्याचे आईबाप आमच्यापर्यंत पोहोचले. इतर सगळ्या कागदांत उलटं आहे. तिथे माणसाचं नाव येतं ते त्याच्याकडून काहीतरी घ्यायचं असतं म्हणून.

१८४७ ते १८६४ या काळात रिचर्ड ग्रिफिथच्या देखरेखीखाली सगळ्या आयर्लंडच्या जमिनींची आणि घरांची आकारणी झाली. ती पाहिली आणि मला आपला सातबाराच आठवला. जमीन कुणाची, कसतो कोण, क्षेत्र किती, आकार किती. फक्त इथे एकराखाली गुंठे नाहीत, रूड आणि पर्च आहेत. कोकणात खोत आणि कुळं होती, तसं इथेही मालक वर आणि कुळं खाली, कधी त्याखाली पोटकूळ. आमची माणसं कुळं. साडेअकरा एकर, घर, गोठा. त्याआधीचं दशमांश कराचं पुस्तक, १८२३ ते १८३७ मधलं. हा कर आयर्लंडच्या अँग्लिकन चर्चसाठी होता आणि तो प्रेस्बिटेरियनांनाही भरावा लागे, कॅथलिकांनाही. ज्या देवळात पाय ठेवायचा नाही त्याच्या पुजाऱ्याला धान्याचा वाटा. त्याही आधी १७९६ ची जवसवाल्यांची यादी. लिनन म्हणजे जवसाच्या धाग्याचं कापड. आयर्लंडच्या लिनन मंडळानं जवस लावणाऱ्यांना बक्षीस जाहीर केलं होतं, एकरभर लावलं तर चार चरखे, पाच एकर लावलं तर माग. सुमारे ६०,००० नावं आहेत त्यात. आमच्या आडनावापुढे एक चरखा. म्हणजे पाव एकर. लिननच्या या सबंध प्रांतातला एक चरखा आमच्या घरात फिरत होता, आणि तो कोण फिरवत असणार हे सांगायला नको. पण यादीत नाव पुरुषाचंच.

आडनाव मी इथे लिहीत नाही, त्या घरातली बरीच माणसं हयात आहेत. एवढं सांगते की या चार कागदांत ते चार तऱ्हांनी लिहिलंय. कारकुनाला जसं ऐकू आलं तसं.

१७९६ च्या मागे अंधार होता. प्रेस्बिटेरियन मंडळींच्या बाप्तिस्म्याच्या वह्या बऱ्याच ठिकाणी उशिरा सुरू होतात. त्या काळी त्यांच्या धर्मगुरूंनी लावलेल्या लग्नांना कायद्याची पूर्ण मान्यतासुद्धा नव्हती. इथेच माझी चूक झाली, ती सांगायलाच हवी, कारण तिच्यात दोन वर्षं गेली.

स्कॉटलंडच्या जुन्या पॅरिश नोंदी, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या नोंदी, १५५३ पासूनच्या आहेत. १८५४ पर्यंतच्या त्या वह्या आता इंटरनेटवर शोधता येतात. मी त्यात आडनाव घातलं आणि आयरशायरमध्ये एक मुलगा सापडला. नाव बरोबर, साल जुळण्यासारखं. शिवाय स्कॉटिश लोकांत नाव ठेवायची एक रीत होती : थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, थोरल्या मुलीला आईच्या आईचं. नातवाला आजोबांचं नाव, हे वाचल्यावर मला इतकं ओळखीचं वाटलं की मी विश्वास ठेवायला तयारच होते. आमच्या घरातल्या नावांचा क्रम त्या मुलाशी जुळत होता. कुणीतरी इंटरनेटवर टाकलेल्या वंशवृक्षातही तोच मुलगा आमच्या आडनावाला जोडलेला होता. मी त्याला घरात घेतला. सासूबाईंना त्याचं गाव नकाशावर दाखवलं. त्यांनी ते नाव एका चिठ्ठीवर लिहून बायबलात ठेवलं.

आणि मग त्याच पॅरिशच्या चर्चच्या पंचांची कामकाजाची वही वाचायला मिळाली. तिच्यात तोच माणूस, बापाच्या नावासकट, १६७० च्या दशकातही होता. रविवारी काम केलं म्हणून त्याला दंड झालेला. तो कुठेही गेला नव्हता. आयुष्यभर आपल्या गावातच राहिला होता. नावांची ती रीत अख्ख्या खेड्यात सारखीच असल्यावर एकाच नावाचे पाच-सहा जण असणारच, हे मला माझ्या गावावरून कळायला हवं होतं. सासूबाईंना सांगायला गेले तेव्हा त्यांनी काही न बोलता चिठ्ठी काढली. फाडली नाही, घडी घालून ॲप्रनच्या खिशात ठेवली. म्हणाल्या, "बिचारा. त्याचा काय दोष?"

मग मी उलट्या बाजूनं सुरुवात केली. माणूस सोडला आणि गाव धरलं.

इथे गाव म्हणजे 'टाउनलँड'. आयर्लंडात असे ६०,००० हून अधिक आहेत, काही तर आपल्या एखाद्या वाडीएवढे. आमच्या टाउनलँडचं नाव 'ड्रम'नं सुरू होतं. सासूबाई सत्तर वर्षं ते नाव उच्चारतायत, अर्थ त्यांना ठाऊक नव्हता. आयरिश भाषेत 'ड्रुम' म्हणजे टेकडीचा कणा, पाठ. बॅलीमनीतलं 'बॅली'ही आयरिशच, 'बाले', म्हणजे वस्ती. स्कॉटलंडहून आलेल्यांनी शेताच्या चराला आपला शब्द दिला, पण टेकडीचं नाव जे होतं तेच राहिलं. ते ज्यांनी ठेवलं त्यांचा मात्र एकही कागद आमच्या हाती नाही. ते लोक गेले कुठे, की तिथेच पोटकूळ होऊन राहिले, की लग्नं होऊन आमच्यातच मिसळले? हा प्रश्न मी सासरच्या जेवणाच्या टेबलावर विचारला तेव्हा जरा वेळ काटे-चमच्यांचेच आवाज होते. इथे हा प्रश्न साधा नाही. १६०७ मध्ये अल्स्टरचे आयरिश सरदार रॅथमलनहून जहाजात बसून देश सोडून गेले, आणि दोन-तीन वर्षांत सहा काउंट्यांमधली त्यांची जमीन राजा जेम्सनं इंग्रज आणि स्कॉट लोकांना वाटायला काढली. त्या वाटपाच्या जखमा आजच्या मतदानापर्यंत आल्या आहेत.

अँट्रिम मात्र त्या सहांत नव्हती. इथली हकिगत वेगळी आहे आणि मला ती फार विलक्षण वाटते. उत्तर अँट्रिमचा धनी होता रँडल मॅकडॉनल, पुढे १६२० मध्ये अर्ल झाला. त्याचं घराणंही मुळात पाण्यापलीकडचंच, पण बेटांवरचं, गेलिक बोलणारं, कॅथलिक. आणि या कॅथलिक सरदारानं आपल्या जमिनीवर सखल स्कॉटलंडचे प्रोटेस्टंट शेतकरी स्वतःहून बोलावून आणले. जमीन कसणारे हात हवे होते, वेळेवर खंड हवा होता, आणि राजाची मर्जीही राखायची होती. डनलूसच्या किल्ल्याजवळ त्यानं नवं गाव वसवलं, तिथे स्कॉट व्यापारी आले. १६४१ च्या उठावात दोन्ही बाजूंनी कापाकापी झाली, १६४२ मध्ये ते गाव जळालं. आज तिथे गवताखालून रस्त्याचे दगड वर आलेत. तेव्हा 'स्कॉटलंडहून आले' म्हणजे कोणत्या स्कॉटलंडहून, हाही प्रश्न उरतोच. मॅकडॉनलही तिकडचे आणि त्यांची कुळंही तिकडचीच, पण एकमेकांची भाषा त्यांना कळत नव्हती.

तो सगळा काळ मी बेलफास्टच्या सरकारी अभिलेखागारात काढला. सगळे त्याला 'प्रोनी' म्हणतात. १९२२ च्या आगीनंतर लगेच, १९२३ मध्ये ते स्थापन झालं, आणि त्याच्या पहिल्या प्रमुखानं, डी. ए. चार्ट यांनी, वकिलांच्या कपाटांतून, जमीनदारांच्या वाड्यांतून, अभ्यासकांच्या वह्यांतून नकला गोळा केल्या. मूळ जळालं होतं, पण टेनिसन ग्रोव्ह्ज नावाच्या एका माणसानं आगीपूर्वी वर्षानुवर्षं त्या दफ्तरखान्यात बसून पानंच्या पानं उतरवून ठेवली होती. त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं की आपली नक्कलच पुढे अस्सल होणार आहे. आत पेन नेऊ देत नाहीत, फक्त पेन्सिल. बाहेर लॉकरमध्ये कोट ठेवायचा, आत शांतता. तिथे मला नेहमी देवळात बसल्यासारखं वाटतं.

अर्लच्या जहागिरीचे कागदही तिथे आहेत. त्यात अठराव्या शतकातला एक भाडेपट्टा सापडला, आमच्या टाउनलँडचा, आमच्या आडनावाचा. तो 'तीन जीवांचा' भाडेपट्टा होता. त्या काळी इथे अशी रीत होती : पट्टा ठरावीक वर्षांचा नसायचा, तीन माणसांची नावं त्यात घालायची, आणि त्या तिघांतला शेवटचा मरेपर्यंत जमीन तुमची. साहजिकच माणसं आपली लहान, निरोगी मुलं नेमायची. आमच्या पट्ट्यात तीन मुलगे. वयं बारा, नऊ आणि सहा.

मी नवऱ्याला फोन केला आणि म्हटलं, "तीन भाऊ सापडले."

माझी अशी अटकळ आहे, आणि अटकळच आहे, की घरातली ती होडीची गोष्ट इथून निघाली असावी. जमीन त्या तीन भावांच्या जिवावर होती. घरात कुणी आजारी पडलं की सगळ्यांचा जीव त्यांच्यात अडकत असणार. शेवटचा भाऊ किती वर्षं जगला यावर छप्पर अवलंबून. मग दोन-तीन पिढ्यांनी पट्टा विसरला गेला, भाऊ राहिले, आणि कुणीतरी त्यांना होडीत बसवलं.

त्याच्याही मागे एकच कागद आहे. आयर्लंडात १६६२ मध्ये चुलीचा कर बसला. घरात जितक्या चुली, तितके वर्षाला दोन-दोन शिलिंग. इंग्रजी शब्द 'हार्थ', म्हणजे शेकोटीची जागा, पण त्याच आगीवर भांडं टांगून रांधायचं, म्हणून मला दुसरा शब्द सुचतच नाही. आपल्याकडे दोन भाऊ वेगळे झाले की त्यांनी चूल वेगळी मांडली म्हणतात. घर मोजायचं तर चूल मोजावी, हे त्या कर बसवणाऱ्यालाही कळलं होतं. अँट्रिमची १६६९ ची यादी नकलेच्या रूपात टिकून राहिली आहे.

नोव्हेंबरातला मंगळवार होता, बाहेर चारलाच काळोख पडायला लागला होता. मी टाउनलँडचं नाव शोधलं. ते स्पेलिंग बदललेलं होतं, पण 'ड्रम' होतं. खाली अकरा नावं. सातवं आमचं आडनाव. त्याच्या आधी जिथे माणसाचं पहिलं नाव असतं, तिथे नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं 'विडो'. विधवा अमुक. एक चूल.

मी किती वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसले होते कुणास ठाऊक. शेजारच्या टेबलावरच्या वयस्क बाईंनी हळूच विचारलं, "सापडलं का?" मी मान हलवली.

नवरा असेपर्यंत ती कुठल्याच कागदावर नव्हती. तो मेला, चूल तिच्या नावावर आली, दोन शिलिंग तिला भरावे लागले, म्हणून ती उरली. तिचं स्वतःचं नाव तरीही नाही. १६३० च्या सुमारास जमीनदारांच्या कुळांची हत्यारांसकट मोजणी झाली होती, तिच्यातही हे आडनाव आहे, कुणा एकाकडे तलवार. तो तिचा नवरा की सासरा की कुणीच नाही, सांगता येत नाही. १६६९ ची ती विधवा आणि भाडेपट्ट्यातले तीन भाऊ यांच्यामध्येही कागद नाही, फक्त तीच टेकडी आणि तेच आडनाव. न्यायालयात हा पुरावा टिकणार नाही. पण आमच्या घराण्यातलं सर्वांत जुनं माणूस म्हणून मी तिलाच धरते.

ती कुठून आली? आली असेल तर तिच्या मंडळींनी चर्चकडून वर्तणुकीचा दाखला आणला असेल. स्कॉटलंडचं गाव सोडताना तिथल्या पंचांकडून तो घ्यायचा आणि नव्या गावात दाखवायचा, अशी रीत होती. दाखला नसलेल्यांची चौकशी व्हायची. १६१७ च्या सुमारास आयर्लंडातल्या स्कॉट लोकांनी इंग्रज प्रजेचे हक्क मिळावेत म्हणून राजाकडून सनदा घेतल्या, कारण त्याशिवाय जमीन मुलांना देता येईल याची खात्री नव्हती. त्या याद्यांमधून मी दोनदा गेले. लहान कुळं तिथे फारशी नाहीत, आमचं आडनावही नाही. माझ्या स्वतःच्या पाकिटात या देशात कायम राहण्याच्या परवान्याचं जुनं कार्ड आहे. ते मिळवायला मीही पोलिसांचा दाखला आणला होता, बोटांचे ठसे दिले होते, पगाराच्या पावत्या जोडल्या होत्या. माझाही या देशातला पहिला कागद म्हणजे मी भरलेल्या फीची पावतीच आहे.

डिसेंबरात आम्ही सासूबाईंना घेऊन त्या जमिनीवर गेलो. ती आता घराण्यात नाही, मालकानं आनंदानं परवानगी दिली. जुनं घर पडलंय, एक त्रिकोणी भिंत उभी आहे. ते १६६९ चं नव्हे, फार तर दोनशे वर्षांचं असेल. भिंतीत चुलीची जागा आहे, वर भांडं टांगायचा लोखंडी आकडा अजून आहे. सासूबाई वाकल्या आणि आतल्या काळ्या दगडावर हात फिरवला. मग हातमोजा काढून पुन्हा फिरवला. बोटांना काजळी लागली नाही, इतकी ती जुनी, दगडात मुरलेली. परत येताना गाडीत म्हणाल्या, "तिनं थोललं सगळं." एवढंच.

त्या रविवारी त्यांनी बायबल काढलं. 'केम फ्रॉम स्कॉटलंड' याच्या वर जरा जागा होती तिथे पेन्सिलीनं लिहिलं : विडो, १६६९. मग पुढची पानं उलटत माझ्या मुलीच्या जन्माच्या नोंदीशी आल्या. तिथे माझं नाव आहे, माहेरच्या आडनावासकट. इथल्या जुन्या थडग्यांवरही बाई नवऱ्याशेजारी झोपलेली असली तरी बऱ्याचदा तिचं माहेरचं आडनाव कोरलेलं असतं. ही रीतही पाण्यापलीकडचीच. त्यांनी मला विचारलं, "तुझी आई? तिची आई? मला सगळ्या हव्या आहेत इथे. सांग."

आईचं सांगितलं. आईच्या आईचं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "आणि वडिलांची आई?"

आजीच्या मांडीवर मी वाढले. तिच्या हातचे घावणे, तिच्या लुगड्याचा वास, तिचा नियम की दिवेलागणीला झोपायचं नाही, सगळं माहीत. कुलवृत्तांतात ती आहे, आजोबांच्या नावाखाली एका ओळीत, लग्नात बदललेल्या नावानं. तिचं माहेरचं नाव मला ठाऊक नव्हतं.

तिथूनच बाबांना फोन लावला. आधी त्यांना सांगितलं की मी सहा वर्षांपूर्वी चूक सांगितली होती, आला नव्हे, आली म्हणा. ते म्हणाले, "म्हणजे बाई होती?" मग मी आजीचं विचारलं. बराच वेळ ते बोललेच नाहीत. शेवटी म्हणाले, "आम्ही आईच म्हणायचो गं."

मग गुहागरला आत्याला लावला. तिकडे रात्रीचे दहा वाजून गेले होते, ती झोपायच्या तयारीत होती. प्रश्न ऐकून म्हणाली, "अगं, तुझ्या आजीला हे कुणी विचारलं असतं ना, तर काय खूश झाली असती." मग म्हणाली, "थांब, चष्मा घेते. ट्रंकेत तिचं शाळेतलं सर्टिफिकेट आहे, चौथीचं. धरून ठेव फोन."

आम्ही दोघी फोन धरून बसलो. सासूबाईंनी पेन्सिलीला टोक काढलं.